नदीचे पाणी आणि शाळेची बाटली

(पंचगंगा खोऱ्यातील माध्यमिक शाळांचे विज्ञान शिक्षक, ग्रामपंचायत सदस्य व पाणीपुरवठ्याशी संबंधित कर्मचारी यांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मला येथे बोलावण्यात संयोजकांची थोडी चूकच झाली आहे, हे आरंभीच सांगून टाकलेले बरे. पाण्याच्या परीक्षेविषयी बोलावयाचे तर रसायनशास्त्र शिकलेला मनुष्य हवा. मी मराठी व इतिहास हे विषय घेऊन पदवीधर झालो आणि पुढे माहिती खात्याच्या नोकरीत लागलो. वार्तापत्रे लिहिणे, छायाचित्रांखाली ओळी लिहिणे, मंत्रिमहोदयांच्या दौऱ्याचे वृत्त वेळेवर पोहोचविणे हे माझे काम. तथापि गेल्या वर्षी मार्चपासून मेअखेरपर्यंत शिरोळ तालुक्यातील एका माध्यमिक शाळेची मुले नदीचे पाणी तपासत होती आणि त्यांच्याबरोबर काठाकाठाने हिंडण्याचा योग मला आला. गेलो होतो एका लेखासाठी मजकूर मिळवावयास; परंतु लेख बाजूलाच राहिला. जे पाहिले ते सांगावे एवढ्याच हेतूने येथे उभा आहे. शाळेचे व गावाचे नाव मी घेणार नाही. नाव घेतले की लोक गावाविषयी बोलू लागतात, पाण्याविषयी नव्हे.

आपल्यापैकी बहुतेकांना पंचगंगेची ओळख करून देणे म्हणजे घरच्या माणसाची ओळख करून देण्यासारखे आहे. कासारी, कुंभी, तुळशी व भोगावती या चार नद्या आणि लोकश्रद्धेनुसार गुप्त असलेली सरस्वती मिळून प्रयाग चिखलीच्या संगमापासून ही नदी पंचगंगा हे नाव धारण करते. तेथून ती कोल्हापूर शहराला वळसा घालते, इचलकरंजीजवळून जाते आणि नृसिंहवाडीस कृष्णेला मिळते. प्रवास अवघा ऐंशी किलोमीटरांच्या आसपासचा. एवढ्या लहानशा प्रवासात तिच्यावर एका जुन्या राजधानीचे, एका मोठ्या वस्त्रनगरीचे, साखर कारखान्यांचे आणि काठावरील असंख्य गावांचे ओझे पडते. पावसाळ्यात तिचे रूप वेगळे असते. २०१९ आणि २०२१ चे महापूर आपण विसरलेलो नाही. उन्हाळ्यात मात्र कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांना फळ्या बसल्या की नदी म्हणजे एकापुढे एक मांडलेल्या तळ्यांची माळ होते. पाणी वाहत नाही, थांबते. जयंती नाल्यासारख्या नाल्यांतून जे काही येते तेही त्याबरोबर थांबते. तेरवाड बंधाऱ्याच्या परिसरात मेलेल्या माशांचा खच पडल्याच्या बातम्या वर्तमानपत्रांतून आपण अनेकदा वाचल्या आहेत. त्यांतील काही पाहावयास मी स्वतः गेलो होतो. तो वास लिहिता येत नाही.

येथे एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. नदी बिघडली की ज्याला शक्य असते तो वरच्या अंगाला सरकतो. २०२३ च्या नोव्हेंबरात कोल्हापूर शहरात काळम्मावाडी धरणाचे पाणी थेट पाइपलाइनने आले. इचलकरंजीने त्याआधीच कृष्णेकडे धाव घेतली होती. यात कोणाचा दोष काढण्याचा माझा हेतू नाही. पिण्याचे चांगले पाणी मिळविणे हा नगराचा धर्मच आहे. पण खालच्या अंगाची लहान गावे कोठे सरकणार? त्यांच्या जॅकवेल नदीतच आहेत आणि शेताला पाणीही नदीचेच.

पहिला तक्ता

शाळेतील विज्ञानाच्या बाईंनी नववीच्या मुलामुलींचा एक गट केला. नदीवरील तीन ठिकाणे ठरविली : वरच्या अंगाला प्रयाग चिखलीचा संगम, मध्ये एक पूल आणि खाली गावाजवळचा बंधारा. तपासावयाच्या बाबीही थोड्याच ठेवल्या. तपमान, सामू, गढूळपणा आणि पाण्यात विरघळलेला प्राणवायू. अशा कामात सगळेच मोजण्याची हौस सोडावी लागते, हे बाईंनी पहिल्याच दिवशी ओळखले होते. चार गोष्टी पुनःपुन्हा मोजल्या तर काही कळते. चाळीस गोष्टी एकदाच मोजल्या तर केवळ वही भरते.

गढूळपणा मोजण्यासाठी जी युक्ती वापरली ती फार जुनी आहे. अँजेलो सेची नावाच्या इटालियन ज्योतिर्विदाने १८६५ मध्ये भूमध्य समुद्राच्या पाण्याची पारदर्शकता पाहण्यासाठी पांढरी तबकडी दोरीने खाली सोडली होती. ती दिसेनाशी होते ती खोली मोजावयाची. आमच्या मुलांनी जुन्या स्टीलच्या ताटलीला काळा व पांढरा रंग देऊन ती तयार केली आणि दोरीला वितीवितीवर गाठी मारल्या. दोर मोजण्यावरून दोन मुलांचे भांडण झाले, तेही शास्त्रीय होते असे म्हणावयास हरकत नाही : ताटली खाली जाताना दिसेनाशी होते ते माप खरे, की वर येताना पुन्हा दिसू लागते ते? दोन्ही घेऊन सरासरी काढतात, असे बाईंनी सांगितले.

खरा विषय प्राणवायूचा. मासा पाण्यातला प्राणवायू घेतो, हे आपण शाळेत शिकलो. परंतु तो किती थोडा असतो याची कल्पना मला तरी नव्हती. वीस अंश सेल्सिअस तपमानाच्या स्वच्छ पाण्याच्या एका लिटरमध्ये तो फार तर नऊ मिलिग्रॅम राहू शकतो आणि पाणी तीस अंशांपर्यंत तापले की साडेसातच्या आसपास. म्हणजे उन्हाळ्यात नदीचा खिसा आधीच थोडा रिकामा झालेला असतो. त्यात सांडपाणी आले म्हणजे ते कुजविणारे सूक्ष्मजीव याच तुटपुंज्या साठ्यावर तुटून पडतात. स्नानासाठी योग्य समजल्या जाणाऱ्या नदीच्या पाण्यात दर लिटरला किमान पाच मिलिग्रॅम प्राणवायू असावा, असा आपल्या देशातील निकष आहे.

तो मोजण्याची रीत लुडविग विंकलर या हंगेरीतील रसायनशास्त्रज्ञाने १८८८ मध्ये काढली व ती आजही चालते. बूच असलेली काचेची बाटली पाण्याखाली धरून, एकही बुडबुडा न राहू देता भरावयाची. तीत मँगनीज सल्फेटचे द्रावण व नंतर अल्कलीयुक्त आयोडाइडचे द्रावण घालून बूच लावून हलवावयाची. पाण्यात प्राणवायू असेल तर तपकिरी साका बसतो. जितका प्राणवायू अधिक तितका रंग गडद. प्राणवायू नसेल तर साका पांढराच राहतो. पुढे त्यात आम्ल घालून, पिष्टाच्या साहाय्याने, फोटोग्राफर ज्याला हायपो म्हणत असत त्या द्रावणाचे थेंब मोजून नेमका आकडा काढतात. तो भाग शाळेच्या प्रयोगशाळेत बाई स्वतःच्या हाताने करीत, कारण तेथे तीव्र गंधकाम्ल लागते. पण काठावरचा तो रंग मात्र सर्वांना दिसतो. अक्षरशत्रू मनुष्यालाही दिसतो. या परीक्षेची खरी थोरवी तीच आहे, असे माझ्या कलाशाखेच्या बुद्धीला वाटते.

पहिल्या फेरीत सकाळी सातला संगमावरचे नमुने घेतले. मग एस.टी.ची वाट पाहण्यात, पुलावर थांबण्यात, भाकऱ्या खाण्यात वेळ गेला आणि गावच्या बंधाऱ्यावर पोहोचावयास दुपारचे तीन वाजले. बाटली भरली, औषधे घातली, हलविली. साका बसला तो चांगला गडद तपकिरी. संगमावरच्या बाटलीपेक्षाही गडद. हायपोचे थेंब मोजले तेव्हाही तेच. ज्या पाण्याला वास येतो, ज्यात गुरेही तोंड घालावयास कचरतात, त्यात प्राणवायू अधिक!

मुले हिरमुसली. गटातील एका मुलाने सुचविले, "बाई, खालचा आकडा वर आणि वरचा खाली लिहू या. चुकून बाटल्यांवरच्या चिठ्ठ्या बदलल्या असतील." सुचविणारा मुलगा लबाड नव्हता. त्याला उत्तर आधीच ठाऊक होते आणि आकडा उत्तराशी जुळावा एवढीच त्याची इच्छा होती. मित्रहो, हा मोह नववीतल्या मुलालाच होतो असे समजू नका. कार्यालयांतून तक्ते भरताना तो कसा वागतो हे मी वीस वर्षे पाहत आलो आहे. बाईंनी चिठ्ठ्या पुन्हा तपासल्या. त्या बदललेल्या नव्हत्या. तेव्हा त्यांनी जो आकडा आला तोच तक्त्यात लिहविला आणि त्यापुढे प्रश्नचिन्ह काढावयास सांगितले.

कोडे सुटले ते शाळेत नव्हे. बंधाऱ्यापाशी जाळे वाळवीत बसलेले एक वृद्ध भोई हा खटाटोप पाहत होते. मुलीने त्यांना विचारले, "आजोबा, या पाण्यात मासे आहेत का हो?" ते म्हणाले, "हाईत की. पर पोरी, दुपारी काय बघतीस? पहाटं ये. पहाटं मासं तोंड वर काढून श्वास घेत्यात. उन्हं वर आली की परत खाली जात्यात."

बाईंनी ते वाक्य वहीत उतरवून घेतले आणि रात्री पुस्तक काढले. उलगडा असा की त्या भागातले केंदाळ नुकतेच काढलेले असल्याने थांबलेल्या पाण्यावर ऊन पडत होते. सांडपाण्याच्या खतावर शेवाळ माजलेले, पाण्याला हिरवी झाक आलेली. दिवसा उन्हात ते शेवाळ भरमसाट प्राणवायू सोडते आणि रात्री स्वतःच तो घेते. म्हणून दुपारी तीनला जे पाणी श्रीमंत दिसते तेच सूर्योदयापूर्वी कंगाल झालेले असते. आणि मासा सरासरीवर जगत नाही, तो त्या पहाटेच्या तासाला मरतो.

पुढच्या आठवड्यात पालकांची परवानगी घेऊन, साडेपाच वाजता, विजेरीच्या उजेडात त्याच जागी बाटली भरली. मी हजर होतो. औषधे घातली. साका खाली बसू लागला आणि तो जवळजवळ पांढरा होता. कोणी बोलले नाही. बंधाऱ्याच्या भिंतीशी मासे तोंडे उघडमीट करीत होते, हे मुलांनी त्यानंतर पाहिले.

मला वाटते, त्या मुलांनी तीन महिन्यांत जे काही मिळविले त्यात प्रश्नचिन्ह लावलेला तो आकडा सर्वांत मोलाचा होता. तो खोडला असता तर पहाटेची फेरी झालीच नसती.

जाता जाता एक गोष्ट सांगतो. सांडपाणी नदीचा किती प्राणवायू खाईल, हे मोजण्यासाठी नमुना पाच दिवस ठेवण्याची जी पद्धत जगभर रूढ झाली तिचे मूळ इंग्लंडात आहे. १८९८ मध्ये नेमलेल्या तेथील सांडपाणीविषयक शाही आयोगाने आपल्या १९१२ च्या आठव्या अहवालात ती घालून दिली. पाच दिवसच का, तर तेथील नद्यांचे पाणी फार तर तेवढ्या काळात समुद्रास मिळते, असे त्याचे कारण सांगितले जाते. आपल्याकडील हवामान लक्षात घेऊन नमुना सत्तावीस अंशांवर तीन दिवस ठेवण्याची पद्धत आता आली आहे. पण बंधाऱ्याबंधाऱ्यांवर अडणारे पाणी संगमावरून वाडीपर्यंत किती दिवसांत पोहोचते, असा प्रश्न एका मुलाने विचारला, तेव्हा कोणाजवळ उत्तर नव्हते.

नळाच्या शेवटी

नदीविषयी जेवढे बोललो त्याहून महत्त्वाचा भाग आता सांगावयाचा आहे. मुलांनी नदीबरोबर गावातील पिण्याच्या पाण्याकडेही लक्ष वळविले. विष्ठाजन्य जंतूंची साधी परीक्षा आपल्याच देशातील संशोधकांनी १९८२ मध्ये प्रसिद्ध केली. औषधात भिजवून वाळविलेली कागदाची पट्टी असलेली निर्जंतुक बाटली पाण्याने भरून, एक ते दोन दिवस उबदार जागी ठेवावयाची. पाणी काळे पडले तर ते दूषित असल्याची शंका घ्यावयाची. ग्रामपंचायतींना दिल्या जाणाऱ्या तपासणी संचांतून ही बाटली आज आपल्या परिचयाची आहे. शंका हा शब्द मी जाणूनबुजून वापरतो. इतर कारणांनीही ही बाटली कधीकधी काळी पडते, यास्तव काळ्या बाटलीनंतर नमुना प्रयोगशाळेत पाठविणे आवश्यक असते. पिण्याच्या पाण्याचा निकष मात्र कडक आहे : शंभर मिलिलिटर पाण्यात असे जंतू मुळीच आढळता कामा नयेत.

मुलांनी गावात पाच नळांवर बाटल्या भरल्या. टाकीजवळचे नळ चांगले निघाले. शेवटच्या गल्लीतील एका नळाची बाटली दुसऱ्या दिवशी शाईसारखी काळी झाली. त्याच नळावर ओ.टी. परीक्षा केली तेव्हा पिवळा रंग आलाच नाही, म्हणजे टी.सी.एल. पावडर टाकीत रोज नियमाने पडत असूनही तिचा अंश त्या गल्लीपर्यंत पोहोचत नव्हता. टाकीपाशी पाणी शुद्ध, कागदावर शुद्ध आणि नळाच्या शेवटी अशुद्ध.

येथे मला स्वतःविषयी काही सांगितले पाहिजे. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत मी दुसऱ्या एका जिल्ह्यात होतो. एका गावी जुलाब-वांत्यांची साथ असल्याची कुणकुण होती. माझ्यासमोर एक अहवाल आला. त्यात पाण्याचे नमुने पिण्यास योग्य असल्याचे लिहिले होते. मी त्यावरून टिपण तयार केले : 'गावातील पाणीपुरवठा शुद्ध असून नागरिकांनी अफवांवर विश्वास ठेवू नये.' वाक्य चांगले जमले होते; वर्तमानपत्रांनी जसेच्या तसे छापले. नमुने कोणत्या तारखेचे आहेत व कोठे घेतले आहेत, हे मी विचारले नव्हते. ते साथीपूर्वीचे होते, टाकीवरचे होते. पाणी उकळून प्यावे असे दुसरे टिपण मी काढले त्या वेळी मधले चार दिवस निघून गेले होते आणि त्या चार दिवसांत माझ्या पहिल्या वाक्यावर विश्वास ठेवून कोण काय प्यायले हे मला कळण्याचा मार्ग नाही. तेव्हापासून पाण्याविषयीच्या कोणत्याही कागदावर मी आधी तारीख, वेळ आणि जागा शोधतो. मुलांच्या तक्त्यात हे तीनही रकाने सर्वांत पुढे होते. ते पाहून मला जे वाटले ते येथे सांगत बसत नाही.

कावीळ पाण्यातून कशी येते, याचा धडा आपल्या देशाने मोठी किंमत देऊन घेतला आहे. १९५५ च्या पावसाळ्यानंतर दिल्लीत यमुनेचे पात्र सरकले आणि नजफगड नाल्याचे पाणी पाणीपुरवठ्याच्या उपशाच्या जागेपर्यंत मागे आले. अधिकाऱ्यांनी क्लोरीन वाढविला. त्यामुळे विषमज्वरासारखे जंतुजन्य रोग फारसे वाढले नाहीत, परंतु डिसेंबर १९५५ व जानेवारी १९५६ मध्ये सुमारे एकोणतीस हजार लोकांना कावीळ झाली. काविळीचा विषाणू क्लोरीनला जंतूंइतक्या सहज दाद देत नाही. आपल्या भागात २०१२ च्या उन्हाळ्यात इचलकरंजीस काविळीची जी साथ आली ती येथे बसलेल्या अनेकांनी पाहिली आहे. त्यात काहींना प्राण गमवावे लागले. म्हणून ओ.टी. परीक्षेचा पिवळा रंग आला की काम संपले, असे समजणे धोक्याचे आहे. उपशाच्या जागेचे पाणीच जर घाण असेल तर पावडरीची पिशवी किती पुरणार?

ग्रामसभेत

तक्ता ग्रामसभेपुढे ठेवावा की नाही, यावर शाळेत दोन मते होती. मुख्याध्यापकांना चिंता वाटत होती आणि ती अनाठायी नव्हती. शाळा गावाची, वर्गणी गावाची, आणि त्याच गावाचे पाणी वाईट आहे असे मुलांनी सांगावयाचे. सरपंचबाईंनी मात्र तक्ता मागवून घेतला.

सभेत एक सदस्य उठले व म्हणाले, "वरच्या शहराची घाण आम्ही पितो, आणि पोरं आमच्याच गावाचं नाव खराब करत्यात. साखर कारखान्याच्या तोंडाशी जाऊन बाटल्या भरा म्हणावं." टाळ्याही पडल्या. मुलगी उभी राहिली. तिचा आवाज कापत होता. ती म्हणाली, "काका, वरचं पाणी घाण आहे ते आमच्या तक्त्यात लिहिलंय. पण शेवटच्या गल्लीतला नळ शहराचा नाही. तो आपला आहे." त्या गल्लीतच तिचे घर होते, हे मला नंतर समजले.

त्या सदस्यांचे म्हणणे मला पूर्णपणे खोटे वाटत नाही. मोठ्या नाल्यांपुढे गावच्या एका गटाराचा हिशेब तो काय? मुलांच्या हाती बाटल्या देऊन जबाबदारी त्यांच्या अंगावर टाकावी आणि मोठ्यांनी सुटकेचा श्वास सोडावा, अशी या उपक्रमाची गत होऊ नये, हे मी अधिकारी म्हणून आवर्जून सांगतो. जलप्रदूषणाविरुद्ध कायदा करण्यात आपले राज्य पुढे होते. १९६९ चा महाराष्ट्राचा अधिनियम आणि १९७० मध्ये स्थापन झालेले प्रदूषण नियंत्रण मंडळ ही १९७४ च्या केंद्रीय कायद्याच्याही आधीची. पुढे १९८१ मध्ये राज्याने केंद्रीय कायदा स्वीकारला. कायद्याला वय झाले आहे. नदीचे वय सांगावयास नको.

शाळेच्या बाटलीला न्यायालयात किंमत नाही, हेही स्पष्ट केले पाहिजे. १९७४ च्या कायद्याच्या कलम २१ प्रमाणे पुरावा म्हणून घ्यावयाचा नमुना प्राधिकृत व्यक्तीने, संबंधितास सूचना देऊन, दोन भाग करून, मोहोरबंद करून घ्यावा लागतो. मुलांनी कारखान्याच्या तोंडाशी जाऊन बाटल्या भरण्याचे धाडस करू नये, ते यासाठीही. मग मुलांच्या नमुन्याचा उपयोग काय? तो असा की कोठे व केव्हा पाहावे हे तो सांगतो. अधिकृत नमुने ठरलेल्या ठिकाणी, ठरलेल्या दिवशी घेतले जातात. पहाटे साडेपाचला बंधाऱ्यावर गावचीच माणसे असतात. मुलांच्या तक्त्याची प्रत जोडून ग्रामपंचायतीने पत्र पाठविले आणि पहाटेच्या वेळी नमुना घ्यावा अशी त्यात विनंती केली. अशा पत्राला उत्तर देणे सोपे नसते, कारण त्यात 'पाणी दूषित आहे' एवढेच मोघम लिहिलेले नसून दिवस, वेळ व जागा लिहिलेली असते.

परदेशातही असे घडले आहे. अमेरिकेतील मिशिगन राज्यात, ॲन आर्बर येथे, १९८४ मध्ये ह्यूरॉन नदीच्या संपर्काने काविळीचे रुग्ण आढळल्याची चिंता तेथील माध्यमिक शाळेच्या विद्यार्थ्यांनी बोलून दाखविली. मिशिगन विद्यापीठाचे प्राध्यापक विल्यम स्टॅप यांच्या मदतीने त्यांनी नदीच्या पाण्याची तपासणी हाती घेतली. त्यातून पुढे अनेक देशांतील शाळांचे एक जाळे उभे राहिले. तेथे आणि येथे साधनांत अंतर आहे. कावीळ मात्र तीच आहे.

आता काय झाले ते सांगतो. शेवटच्या गल्लीत खोदून पाहिले तेव्हा नळाचा एक सांधा गटाराच्या पाण्यात बुडालेला आढळला. पाणी सुटण्याच्या वेळेखेरीज नळ रिकामा असतो आणि रिकामा नळ त्या सांध्यातून गटाराचे पाणी ओढून घेतो. सांधा बदलला, नळाची रेषा गटारापासून दूर घेतली. पंधरवड्याने भरलेली बाटली काळी झाली नाही. प्रयोगशाळेचा निर्वाळाही तसाच आला. गावाच्या एका भागात घराघरांजवळ शोषखड्डे झाले. नदीचे म्हणाल तर मे महिन्याच्या अखेरच्या पहाटेही बंधाऱ्यावरचा साका पांढराच होता. मग पाऊस आला.

यंदा ही परीक्षा आणखी काही शाळांनी करावी, म्हणून हे शिबिर आहे. दोन-चार सूचना शिक्षकांसाठी आहेत, त्या मी बाईंच्या वहीतून घेतल्या आहेत. मुलांना पाण्यात उतरू देऊ नये. दोरीला बांधलेल्या डब्याने पाणी काढावे आणि ते नळीने बाटलीच्या तळापासून भरावे. बंधाऱ्याच्या फळ्यांवर कोणी उभे राहू नये. हातमोजे घालावेत, हातापायाला जखम असलेल्याला त्या दिवशी लिहिण्याचे काम द्यावे. गंधकाम्ल मुलांच्या हाती देऊ नये आणि उरलेली औषधे नदीत ओतू नयेत. हे सांगावे लागते, कारण पहिल्या दिवशी एका मुलाने तेच केले होते. जंतूंसाठी प्रयोगशाळेत पाठवावयाचा नमुना तेथूनच मिळालेल्या निर्जंतुक बाटलीत, बर्फात ठेवून, शक्यतो सहा तासांच्या आत पोहोचवावा. ग्रामपंचायत सदस्यांना एवढेच सांगतो की वर्षातून दोनदा स्वच्छता सर्वेक्षणानंतर मिळणारे हिरवे, पिवळे वा लाल कार्ड कार्यालयात टांगलेले असते, त्याच्या शेजारी मुलांचा तक्ताही टांगावयास जागा ठेवावी. दोन्हींत विरोध दिसला तर तक्ता काढू नये. तारखा पाहाव्यात.

बाई आज येथे आल्या आहेत. त्यांनी पहाटे भरून आणलेल्या दोन बाटल्या बाहेर ओसरीवर टेबलावर ठेवल्या आहेत, एक संगमावरची व एक बंधाऱ्यावरची. औषधे त्यांनी काठावरच घातली आहेत. चहानंतर आपण त्या पाहाव्यात. तिसरी रिकामी बाटली आणि पाण्याची बादलीही तेथे आहे. बुडबुडा न राहू देता बूच लावणे किती अवघड असते ते प्रत्येकाने करून पाहावे. मला ते पाचव्या वेळी जमले.